इतिहासाचे सोंग, इतिहासाची साक्ष

पुणे जिल्ह्याच्या बारामती तालुक्यात कऱ्हा नदीच्या काठी मोरगाव वसले आहे. अष्टविनायकांच्या यात्रेचा आरंभ जिथून करण्याची प्रथा आहे, ते हे गाव. येथील मयूरेश्वराचे मंदिर दुरून पाहणारा परका प्रवासी क्षणभर थबकतो; कारण देवळाच्या चार कोपऱ्यांना चार मनोरे आहेत आणि त्यांमुळे ती वास्तू मशिदीसारखी भासते. जवळ जावे तर दारासमोर भला मोठा नंदी बसलेला. देव गणपती, आणि समोर शंकराचा नंदी! गावकरी या दोन्ही गोष्टींचा उलगडा दंतकथांनी करतात. आक्रमकांची दिशाभूल व्हावी म्हणून मनोरे उभारले, असे एक कथा सांगते. भुलेश्वराच्या देवळाकडे नंदी नेला जात असताना गाडा येथेच मोडला आणि नंदी येथून हलेना, असे दुसरी सांगते.

दंतकथांना त्यांचा मान द्यावा. पण दगडाचेही म्हणणे ऐकावे. बहामनी आणि त्यानंतरच्या सुलतानी अमदानीत या दख्खनच्या भूमीवर मनोरे, कमानी आणि घुमट ही नित्याच्या बांधकामाची भाषा झाली होती. देऊळ असो, गढी असो वा कबर असो, बांधणाऱ्या हातांना हीच भाषा येत होती. मोरगावचे मनोरे ही त्या काळाची आपल्या डोळ्यांसमोर उभी असलेली साक्ष आहे.

आता अशी कल्पना करा की, एखाद्या मंडळाने ‘मध्ययुगीन महाराष्ट्र’ या विषयावर देखावा उभारायचे ठरवले आहे. त्या देखाव्यातल्या देवळाला चार मनोरे काढण्याचे धाडस चित्रकार करील काय? आणि त्याने ते केलेच, तर ‘हे काय भलतेच?’ असे म्हणून प्रेक्षक त्याला दोष देणार नाहीत काय? जे खरे आहे ते खोटे वाटावे आणि जे रचलेले आहे ते अस्सल वाटावे, अशी ही गंमत आहे. प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे: गतकाळाचे पुनर्दर्शन घडवताना अस्सल कशाला म्हणावे?

सोंगांची जुनी हौस

आपल्या समाजाला इतिहास ‘पाहण्याची’ हौस पूर्वीपासून आहे. गावोगावच्या जत्रांत सोंगे निघत आली आहेत. दिवाळीत अंगणात मातीचे किल्ले करणारी मुले नकळत इतिहासाचे पुनर्दर्शनच घडवीत असतात. लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने १८९६ मध्ये रायगडावर शिवाजी उत्सव झाला, तेव्हापासून या हौसेला सार्वजनिक रूप मिळाले. बाबासाहेब पुरंदरे यांचे ‘जाणता राजा’ हे महानाट्य १९८५ मध्ये रंगमंचावर आले. हत्ती, घोडे, उंट आणि दोनशेहून अधिक कलावंत यांच्यासह त्याने गावे आणि शहरे जिंकली. रायगडावर दर वर्षी राज्याभिषेकाचा सोहळा होतो. शहरांतून ‘शिवकालीन बाजारपेठ’ आणि ‘पारंपरिक खाद्यजत्रा’ भरतात.

पाश्चात्त्य देशांतही हाच छंद आहे. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकातील यादवी युद्धाच्या लढाया पुन्हा लढून दाखवणारी ‘सील्ड नॉट’ ही संस्था १९६८ मध्ये स्थापन झाली. स्वीडनच्या गॉटलंड बेटावरील विस्बी या तटबंदीच्या नगरात १९८४ पासून दर उन्हाळ्यात ‘मध्ययुगीन सप्ताह’ साजरा होतो. तेथे हौशी मंडळी अंगरख्याची शिवण हाताची की यंत्राची, येथपर्यंत वाद घालतात. आपण त्यांना हसू नये. हा वाद क्षुल्लक वाटला, तरी त्याच्या मुळाशी एक गंभीर प्रश्न आहे.

परंपरा वेगळी, पुनर्दर्शन वेगळे

या प्रश्नाचा विचार करण्यापूर्वी एक भेद लक्षात घ्यावा लागेल. भाद्रपद आणि माघ महिन्यांत चिंचवडहून मोरया गोसावींच्या परंपरेतील पालखी मोरगावला येते. आषाढीच्या वाटेवर तुकोबांची पालखी बारामती आणि इंदापूर तालुक्यांतून जाते. तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये सुरू केलेला हा सोहळा. काटेवाडीला पालखीपुढे धोतरांच्या पायघड्या अंथरल्या जातात आणि मेंढ्यांचे रिंगण होते. पुढे बेलवाडीला अश्वांचे रिंगण होते. या वारीत पाण्याचे टँकर असतात, प्लॅस्टिकचे कागद असतात, वारकऱ्याच्या हाती मोबाइल असतो. तरीही ‘ही वारी अस्सल नाही’ असे कोणी म्हणत नाही. आणि म्हणूही नये. कारण वारकरी सतराव्या शतकातील माणसाचे सोंग घेत नाही. तो आजचाच माणूस म्हणून चालतो. परंपरा ही नदीसारखी असते. पाणी बदलते, नदी तीच राहते.

ख्रिस्तजयंतीच्या गोठ्याचेही असेच आहे. असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ मध्ये इटलीतील ग्रेच्चो या खेड्यात गवत, बैल आणि गाढव आणून ख्रिस्तजन्माचा देखावा मांडला. भोवतालचे लोक त्यांच्या नेहमीच्या वेषातच आले होते. आपल्याकडे गोठ्याच्या देखाव्यात कौलारू घरे, विहीर आणि बैलगाडी दिसते; त्यात खोटेपणा नाही. ‘बेथलेहेम असे दिसत होते’ असे तो देखावा सांगतच नाही. ‘तो आपल्यामध्ये आला’ एवढेच तो सांगतो.

ऐतिहासिक पुनर्दर्शनाचे मात्र तसे नाही. ‘हे असे होते’ असा त्याचा स्पष्ट दावा असतो. फलकावर ‘शिवकालीन’ हा शब्द लिहिला की लिहिणारा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहतो. परंपरेला बदलण्याची मुभा आहे. साक्षीदाराला ती नाही.

ताट, शेत आणि तलवार

मग अशा साक्षीदाराची उलटतपासणी कशी करावी? सोप्या वस्तूंपासून प्रारंभ करू. ‘शिवकालीन भोजन’ म्हणून मांडलेल्या ताटात बटाट्याची भाजी असेल तर ती परत करावी. बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. त्याचे मराठी नावसुद्धा पोर्तुगीज आहे. महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरात तो रुळला तो बराच पुढे, इंग्रजी अमदानीत. टोमॅटोही तसाच. साबुदाण्याची खिचडी आज उपवासाला चालते. पण शिवकाळातल्या उपवासाला ती मिळणे शक्य नव्हते. मिरचीही पोर्तुगीजांच्याच गलबतांतून आली, पण ती पुष्कळ आधी पसरली. तेव्हा शिवकालीन ताटात तिला जागा देता येईल, ज्ञानेश्वरकालीन ताटात मात्र नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी, हुलगे, कांदा आणि ताक यांना कोणत्याही शतकात मज्जाव नाही.

देखाव्याच्या मागे रंगवलेल्या शेताकडे वळू. बारामती-इंदापूर म्हटले की आज डोळ्यांसमोर उसाचे हिरवे फड येतात. हे हिरवेपण भाटघरचे धरण आणि नीरा डावा कालवा यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणले. त्यापूर्वी हा मुलूख पावसाकडे डोळे लावून बसणारा, जिरायती आणि मेंढपाळांचा होता. मोरगाव-सुपे या बाजूचा कोरडा माळ पाहिला की सतराव्या शतकाची काही कल्पना येते. शहाजीराजांच्या जहागिरीतला सुपे परगणा चित्रात दाखवायचा असेल, तर हिरवा रंग हात राखून वापरावा लागेल.

वस्त्रांच्या रंगांचीही हीच कथा आहे. डोळे दिपवणारा एकसारखा भगवा किंवा जांभळा हा रासायनिक रंगांचा प्रताप आहे, आणि असा पहिला रंग १८५६ मध्ये इंग्लंडात तयार झाला. त्यापूर्वी नीळ, मंजिष्ठ, करडईचा कुसुंबा, पळसाची फुले यांवर रंगाऱ्याचा संसार चाले. रंग मऊ असत आणि धुण्यागणिक फिके होत. गरिबाच्या अंगावर तर बहुधा लंगोटी आणि घोंगडे एवढेच असे.

आणि तलवार? मराठ्यांच्या तलवारींत ‘फिरंग’ प्रसिद्ध आहे. नावातच तिचे मूळ उघड आहे. युरोपातून आलेले सरळ पाते आणि त्याला येथील कारागिराने बसवलेली मूठ, असा तो संयोग होता. जी वस्तू आपण सर्वांत ‘आपली’ म्हणून मिरवतो, तिचे पाते समुद्रापलीकडचे निघते. मोरगावच्या मनोऱ्यांनी जे सांगितले, तेच ही तलवार सांगते: खरे मध्ययुग सरमिसळीचे होते. शुद्ध, एकरंगी मध्ययुग हे आपण मागाहून विणलेले वस्त्र आहे.

बोली आणि दिनांक

नाटकातील पात्रे बोलू लागली की गोंधळ आणखी वाढतो. रंगमंचावरील सरदार संस्कृतप्रचुर मराठी बोलतात. प्रत्यक्षात त्या काळची पत्रे फारसी शब्दांनी भरलेली आहेत. ते शब्द इतके रुजले होते म्हणूनच तर शिवाजी महाराजांना राज्यकारभारातील फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा ‘राज्यव्यवहारकोश’ करवून घ्यावा लागला. जे सहज बोलले जात होते ते पात्रांच्या तोंडून काढून टाकले, तर कोश करवणाऱ्या राजाची दूरदृष्टीही प्रेक्षकाला कळणार नाही. त्याच शतकाच्या आरंभी, १६१६ मध्ये, फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यात रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. मराठीची जी थोरवी तेव्हा एका इंग्रज येशूसंघीयाला भुरळ घालीत होती, ती ओवीबद्ध रूपात त्या ग्रंथात सापडते. जुन्या मराठीचा कान तयार करू इच्छिणाऱ्या नाटककाराने तो जरूर चाळावा.

दिनांकाची गोष्ट तर अधिकच बोधप्रद आहे. राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ या तिथीला झाला. इंग्रजी दिनांक ६ जून १६७४ असा दिला जातो. पण हा दिनांक जुन्या, ज्यूलियन पंचांगाचा आहे. पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ मध्ये पंचांग सुधारले. कॅथलिक देशांनी ते लवकर स्वीकारले. इंग्लंडने मात्र १७५२ पर्यंत जुनेच चालवले. आजच्या पंचांगाप्रमाणे तो दिवस १६ जून येतो. त्या दिवशी गोव्यातला पोर्तुगीज कारकून आपल्या वहीत १६ जून लिहीत होता आणि मुंबईचा इंग्रज ६ जून. आकाशात चंद्र मात्र त्रयोदशीचाच होता. तिथीने साजरा करावा की तारखेने, यावर आपण तावातावाने बोलतो. पण तारीख कोणत्या पंचांगातली, हे विचारीत नाही.

पाहिलेले आणि ऐकलेले

राज्याभिषेकाला रायगडावर हजर असलेला एक परका साक्षीदार आहे: ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झेंडन. सिंहासनाच्या एका बाजूस सोन्याची मोठी मत्स्यमुखे, दुसऱ्या बाजूस अश्वपुच्छे आणि भाल्याच्या टोकावर न्यायाचे चिन्ह म्हणून सोन्याचा तराजू त्याने पाहिला. दारापाशी उभे असलेले हत्ती एवढ्या बिकट वाटेने गडावर आले कसे, याचे त्याला नवल वाटले. मत्स्य हे मोगल दरबारातही मानाचे चिन्ह होते. हिंदू विधीने अभिषिक्त झालेला राजा त्या काळच्या सर्व दरबारांना समजेल अशी चिन्हेही मांडीत होता. सार्वभौमत्व शेजाऱ्यालाही वाचता आले पाहिजे, हे त्याला ठाऊक होते.

आता दुसऱ्या प्रकारची साक्ष पाहू. मोरगावजवळच्या सुप्याची ही गोष्ट. कृष्णाजी अनंत सभासद सांगतो की, शिवाजी महाराज शिमग्याचे पोस्त मागण्याच्या निमित्ताने सुप्याला आपले सावत्र मामा संभाजी मोहिते यांच्याकडे गेले आणि त्यांना कैद करून त्यांनी ठाणे ताब्यात घेतले. प्रसंग नाट्यमय आहे. कोणत्याही दिग्दर्शकाला मोह पडावा असा. पण सभासदाने बखर लिहिली ती १६९७ च्या सुमारास, जिंजीला, घटनेनंतर सुमारे चार दशकांनी. सुपे घेतले गेले हा इतिहास आहे. शिमग्याचा बहाणा ही बखरीची आठवण आहे. आणि त्या वेळी मामा-भाच्यांत झालेला संवाद हा आजच्या नाटककाराचा आहे. तिन्ही रंगमंचावर यावेत, त्याला हरकत नाही. पण तिघांचा दर्जा एकच आहे, असे प्रेक्षकाला वाटू देणे ही लबाडी होय.

जे दाखवले जात नाही

खोटी साक्ष केवळ बोलण्याने होत नाही, मौनानेही होते. आपल्या देखाव्यांत सगळेच सरदार असतात; नांगरधारी कोणी नसतो. १६३० ते १६३२ या वर्षांत दख्खनवर भीषण दुष्काळ पडला. तुकोबांच्या घरातही त्याने मृत्यू आणला. त्याच सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने पुणे कसबा जाळून उद्ध्वस्त केला. पुढे जहागिरीची वसाहत पुन्हा उभी करताना रयतेला साऱ्यात सवलती देऊन शेतावर परत आणावे लागले. स्वराज्याची पहिली लढाई ही ओसाड गावात पुन्हा चूल पेटवण्याची होती. तिचा देखावा कोणी करीत नाही, कारण तीत ढाल-तलवार नाही.

त्याचप्रमाणे ‘जुनी बाजारपेठ’ उभी करताना तीत सर्वांना सर्वत्र मोकळा वावर असतो. त्या बाजारात कोणाची सावली टाळली जात होती आणि कोणत्या विहिरीवर कोणाला जाता येत नव्हते, हे कोणी दाखवीत नाही. आजच्या जत्रेत ती अमानुषता पुन्हा घडवावी असे कोणी म्हणणार नाही. पण ‘किती सुंदर काळ होता तो!’ असे उद्गार काढून घरी परतणाऱ्या मुलाला ती गोष्ट एका फलकावर तरी वाचायला मिळाली पाहिजे.

विस्बीच्या सप्ताहातही हाच पेच आहे. १३६१ मध्ये डेन्मार्कच्या वाल्देमार राजाने ते नगर घेतले, ही त्या उत्सवामागची घटना. नगराच्या तटाबाहेर गॉटलंडचे शेतकरी लढले आणि मारले गेले. विसाव्या शतकात तेथील सामुदायिक दफने उकरली तेव्हा हजाराहून अधिक माणसांचे सांगाडे सापडले. त्यांत वृद्ध होते, अपंग होते, कोवळी मुले होती. ज्या मैदानावर आज पताका फडकतात, त्याच्याजवळच ही माती आहे. उत्सव करू नये असे नव्हे. पण मातीची आठवण ठेवून करावा.

चूक कोणती, पाप कोणते

बटाट्याची चूक आणि माणसाविषयीची चूक यांत फरक आहे. बव्हेरियातील ओबरआमरगाऊ या कॅथलिक गावाचा अनुभव येथे सांगण्याजोगा आहे. १६३३ मध्ये साथीच्या मरणातून वाचण्यासाठी गावाने नवस केला आणि १६३४ पासून ते गाव ख्रिस्ताच्या दुःखसहनाचे नाटक ठरावीक वर्षांनी करीत आले. वेषभूषा, गर्दीचे प्रसंग, संगीत यांसाठी ते जगभर वाखाणले गेले. पण त्यात यहुदी समाज हा एकजात क्रूर दाखवला जाई. याजकांच्या शिरोभूषणांना शिंगांसारखी टोके असत. १९३४ च्या त्रिशताब्दी प्रयोगाला हिटलर येऊन बसला होता, ही गोष्ट त्या गावाच्या इतिहासातून पुसता येत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये ख्रिस्ताच्या मृत्यूचा दोष सरसकट यहुद्यांच्या माथी मारण्याचे नाकारले. त्यानंतरही गावाला संहिता बदलायला बराच काळ लागला. १९९० पासून दिग्दर्शन करणाऱ्या ख्रिस्टियान श्ट्युकल यांनी ते काम पुढे नेले. येशू हा यहुदी होता आणि हिब्रू भाषेत प्रार्थना करीत होता, हे रंगमंचावर दिसू लागले. महामारीमुळे २०२० चा प्रयोग पुढे ढकलून २०२२ मध्ये झाला. अधिक भक्तिभावाने केलेले ते नाटक आता इतिहासालाही अधिक जवळचे झाले आहे.

हा धडा आपल्या मातीलाही लागू पडतो. आपल्या देखाव्यांत एक बाजू भगवी आणि दुसरी हिरवी रंगवण्याची सोय झाली आहे. इतिहास या सोयीला दाद देत नाही. महाराजांच्या पायदळाचा सरनौबत नूरखान बेग होता, आरमारात दौलतखान होता, पत्रलेखनाला काझी हैदर होता. अफजलखानाच्या फौजेत मराठे सरदार होते. १६६५ मध्ये पुरंदरास वेढा घालणाऱ्या मोगल सैन्याचा सेनापती मिर्झाराजा जयसिंग हा राजपूत होता आणि त्याच्या तोफखान्यात निकोलाव मनुची हा व्हेनिसचा ख्रिस्ती होता. १७३९ च्या वसईच्या विजयाचे देखावे होतात, तेव्हा चिमाजी आप्पांचे शौर्य दाखवावेच. पण शरण आलेल्या पोर्तुगीज शिबंदीला सन्मानाने, शस्त्रांसह बाहेर पडू दिले, हेही दाखवावे. वसईकडील चर्चची घंटा आज भीमाशंकराच्या दारात वाजते. ती विजयाची खूण आहे, आणि मागे राहिलेल्या एका प्रार्थनेचीही.

अशा वेळी अस्सलपणाची कसोटी कापडावर लागत नाही. कापड हातमागाचे असूनही देखावा खोटा असू शकतो, आणि पुठ्ठ्याच्या ढाली घेतलेल्या शाळकरी मुलांचे नाटक खरे असू शकते. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको, ही आज्ञा मेलेल्या शेजाऱ्यालाही लागू आहे. त्याला तर उलट उत्तर देण्याचीही सोय नाही.

तेव्हा जी मंडळे, शाळा आणि धर्मग्रामे असे उपक्रम करतात, त्यांनी तीन साध्या गोष्टी कराव्यात. कोणती गोष्ट कागदपत्रांवरून कळली, कोणती परंपरेने सांगितली आणि कोणती आपण रचली, हे सुरुवातीलाच प्रेक्षकाला सांगावे. देखाव्यात एक तरी माणूस असा असावा, ज्याच्या हाती शस्त्र नाही. आणि पराभूत पक्षाचा वंशज प्रेक्षकांत बसला आहे असे समजूनच संवाद लिहावेत. बहुतेक वेळा तो खरोखरच बसलेला असतो.

सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही, असे आपले वाडवडील म्हणत. सत्याचेही तसेच आहे. मातीचा किल्ला करणाऱ्या मुलाला बुरूज किती असावेत हे आपण सांगतोच. त्यापुढे एक प्रश्नही विचारावा, की या किल्ल्यावरची माणसे पाणी कोठून पीत होती? त्या प्रश्नाने मूल बुरुजावरून उतरून टाक्याकडे वळेल, टाके खणणाऱ्या हातांकडे वळेल. आणि इतिहास तेथून सुरू होईल.